योग करा, पण कपाळावर आठी नको

(गावाहून मुंबई पाहण्यास आलेल्या प्रौढ वर्गाच्या मंडळींपुढे भायखळा येथे केलेले भाषण)



आज सकाळी आपण मिळून भायखळ्याची राणीची बाग पाहिली. ही बाग जुनी आहे. १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिला इंग्लंडच्या राणीचे नाव होते. म्हणून लोक तिला राणीची बाग म्हणू लागले. आता तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. शिवरायांच्या आईचे नाव तिला मिळाले. पण जुने नाव लोकांच्या तोंडून अजून सुटत नाही.

बागेत तुम्ही पाणघोडे पाहिले, मगरी पाहिल्या. आणि पेंग्विन पाहिले. हे पक्षी २०१६ साली दक्षिण कोरियातून येथे आणले. पक्षी असून ते उडत नाहीत. नेसूचे धोतर सुटेल की काय, अशा बेताने एखादा म्हातारा जपून चालतो ना, तसे ते चालतात! ते पाहून तुम्ही सारे हसलात. मागे उभ्या असलेल्या आजीबाई तर डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना कोणी हसा म्हणून सांगितले नव्हते.

आता आम्ही तुमच्याशी योगाविषयी बोलणार आहोत. बघा, योग हा शब्द ऐकला आणि सगळे ताठ बसले! हसू कुठल्या कुठे पळाले. हीच तर आमची तक्रार आहे. योग म्हटला की माणसाने तोंड का पाडावे? आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे की, हलके मन ही योगाची पहिली पायरी आहे. ती गाळून पुढे चढता येत नाही.

आपल्या मनात योगी म्हटले की एक चित्र उभे राहते. वाढलेल्या जटा, खोल गेलेले डोळे, अंगाला राख, आणि दूर डोंगरातली गुहा. मग आपण म्हणतो, "हे आपलं काम नव्हे. आपल्याला शेत आहे, गुरं आहेत, पोरंबाळं आहेत." दुसरे चित्र शहरातले. गुळगुळीत फरशी, भारी कपडे, आणि अंग दोरीसारखे वळवणारी तरणी माणसे. ते पाहूनही आपण म्हणतो, "हे आपलं काम नव्हे." दोन्ही चित्रांनी आपल्याला योगापासून दूर ठेवले.

आता तिसरे चित्र पाहा. ते तुम्ही आज सकाळीच पाहिले आहे. ती मगर आठवा. काठावर कशी पसरली होती! अंगाला कोठे ताण नाही, कसली घाई नाही. योगात मकरासन नावाचे आसन आहे. मकर म्हणजे मगर. पालथे पडायचे, पाय सैल सोडायचे, डोके हातांवर टेकायचे आणि मगरीसारखे निवांत व्हायचे. झाले आसन!

अशी आणखी किती तरी नावे आहेत. भुजंगासन म्हणजे नागाचे आसन. शलभासन म्हणजे टोळाचे. मत्स्यासन माशाचे, मयूरासन मोराचे, मंडूकासन बेडकाचे, कुक्कुटासन कोंबड्याचे आणि उष्ट्रासन उंटाचे. घेरंडसंहिता नावाचा योगाचा जुना ग्रंथ आहे. त्यात म्हटले आहे की, जगात जितक्या जीवांच्या जाती तितकी आसने. म्हणजे चौऱ्याऐंशी लाख! मग ग्रंथकार म्हणतो की, त्यांपैकी चौऱ्याऐंशी चांगली, आणि माणसांच्या कामाची बत्तीस. पाहा, चौऱ्याऐंशी लाखांवरून गाडी बत्तिसावर आली. आपण तर चार-पाच केली तरी पुष्कळ झाली.

ज्यांनी ही नावे ठेवली, ते लोक डोळे मिटून बसणारेच नव्हते. त्यांनी डोळे उघडून बेडूक पाहिला, टोळ पाहिला, कोंबडा पाहिला. कोंबड्यापासूनही शिकावे, एवढे त्यांचे मन मोकळे होते. ज्याला आपल्या मोठेपणाचे ओझे आहे, तो बेडकासारखा बसेल काय?

सिंहासन नावाचे एक आसन आहे. राजाचे नव्हे हो, सिंहाचे! गुडघे टेकून टाचांवर बसावे. तळहात गुडघ्यांवर ठेवून बोटे फाकावी. तोंड मोठे उघडावे, जीभ बाहेर काढावी आणि 'हाऽऽ' करून श्वास सोडावा. करून पाहा बरे सगळ्यांनी. ज्यांना खाली बसवत नाही, त्यांनी बाकावर बसून करा. हं! आता शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहा! आले ना हसू? सासूबाईंच्या समोर सुनेने जीभ काढली, आणि सासूबाईंनीही काढली. हे केवळ योगातच घडते!

आता कोणी म्हणेल, "ही सारी गंमत झाली. पण शास्त्र काय सांगते?" तर शास्त्राकडे वळू.

योगाचे सर्वांत मोठे सूत्रकार पतंजली. त्यांच्या योगसूत्रांत दोनशेच्या आतबाहेर सूत्रे आहेत. त्यांत आसनाविषयीची इनमीन तीन! पहिल्यात ते सांगतात की, आसन स्थिर हवे आणि सुखाचे हवे. दुसऱ्यात म्हणतात की, खटाटोप सैल केला आणि मन अनंताकडे लावले की आसन साधते. तिसऱ्यात म्हणतात की, मग थंडी-ऊन, सुख-दुःख अशा जोड्या माणसाला छळत नाहीत. अंग पिळा, दात-ओठ खा, असे त्यांनी कोठे म्हटले नाही. खटाटोप सैल करा, असेच म्हटले.

हठप्रदीपिका हा दुसरा ग्रंथ. हठ या नावानेच माणूस घाबरतो. पण हा ग्रंथ काय म्हणतो? सहा गोष्टींनी योग बिघडतो. फार खाणे, फार श्रम करणे, फार बडबड, नियमांचा हट्ट, माणसांची फार संगत आणि चंचलपणा. ऐकलेत? फार खाण्याच्या पंक्तीला फार श्रम बसवले आहेत, आणि नियमांचा हट्टही! आणि सहा गोष्टींनी योग साधतो, त्यांत पहिली कोणती? उत्साह! पुढे धाडस, धीर, ज्ञान, निश्चय वगैरे येतात. पण मानाचे पहिले पान उत्साहाला दिले आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायातही तेच आहे. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, आणि फार जागणाऱ्यालाही नाही. शिवाय भगवान सांगतात की, योग निश्चयाने करावा आणि खचलेल्या, कंटाळलेल्या मनाने करू नये.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बैलाचा कासरा सारखा ओढून धरला तर बैल बुजतो. अगदी सोडून दिला तर बैल दुसऱ्याच्या रानात शिरतो. चांगला गडी कासरा हातात ठेवतो, पण सैल ठेवतो. अंगाचे आणि मनाचे तसेच आहे.

येथे आम्ही आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. या भायखळ्याच्या भाजी बाजारात माल घेऊन तो विकणाऱ्या एक बाई आमच्याकडे शिकायला येत. पहाटे उठून पाट्या उचलायच्या आणि दिवसभर मांडी घालून बसायचे. गुडघे धरलेले. त्या पूर्वी कोठे तरी योगाला गेल्या होत्या. तेथे त्यांना म्हणे सर्वांसमोर सांगितले, "पद्मासन येत नाही, मग तुम्हाला योग काय येणार?" बाई त्या दिवसापासून गेल्या नाहीत. आम्हाला म्हणाल्या, "बसणं म्हणजे योग असंल, तर मी जन्मभर भाजी घेऊन बसलेच की! मोठी योगीण झाले असते!"

त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. नुसते बसणे म्हणजे योग नव्हे. बसताना मन कोठे आहे, श्वास कसा आहे, यावर सारे आहे. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवले. गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे जा, असे सांगितले. मग हात वर घ्यायचे, खांदे फिरवायचे, श्वास सावकाश सोडायचा, आणि शेवटी भुंग्यासारखा गुंजारव करायचा. याला भ्रामरी म्हणतात. भ्रामरी करताना त्यांना पहिल्या दिवशी इतके हसू आले की सारा वर्ग हसू लागला. दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन आल्या, आणि जावेलाही घेऊन आल्या.

त्यांचे गुडघे त्यामुळे बरे झाले, असे आम्ही म्हणत नाही. गुडघे अजून दुखतात. पण त्या म्हणतात, "आता गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की माझं डोकं पयल्यावानी फिरत नाही. आधी एक श्वास सोडते, मग भाव सांगते." आम्हाला वाटते, त्या बाई योग शिकल्या.

हसणे आणि योग यांची उघड जोडी याच मुंबईत जमली. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉक्टर मदन कटारिया यांनी पहिला हास्य क्लब सुरू केला. पहिल्या दिवशी माणसे किती? पाच! एकाने विनोद सांगायचा आणि सर्वांनी हसायचे, अशी रीत होती. माणसे वाढू लागली. पण थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. उरले ते कोणाला टोचणारे, कोणाला लाजवणारे. लोक नाराज झाले. क्लब बंद पडण्याची वेळ आली.

तेव्हा डॉक्टरांनी निराळा मार्ग काढला. विनोदच नको! उगीचच हसायचे. एकमेकांच्या डोळ्यांत पाहून 'हो हो, हा हा' करायचे. आरंभी ते हसू खोटे असते. पण समोरच्याचे तोंड पाहून थोड्या वेळात खरे हसू फुटते. त्यांच्या पत्नी माधुरीताई योग शिकवीत. त्यामुळे मध्ये मध्ये दीर्घ श्वास आणि अंग ताणणे यांची भर पडली. त्याला हास्ययोग असे नाव मिळाले. पाच माणसांचे ते काम आज शंभरांहून अधिक देशांत पोचले आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्यदिन पाळतात. त्याचा आरंभही १९९८ साली मुंबईतच झाला.

हसताना अंगात काय घडते? छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा आहे. आपण श्वास घेतो तो मुख्यतः त्याच्या बळावर. हसताना हा पडदा भराभर हलतो. श्वास धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो आणि फुप्फुसे एरवीपेक्षा जास्त रिकामी होतात. रिकामी झाली की पुढचा श्वास आपोआप खोल येतो. हसून झाल्यावर खांदे, मान, जबडा सैल पडतात. म्हणजे हसणे हा एक प्रकारे श्वासाचाच अभ्यास झाला. प्राणायामात आपण जाणून-बुजून जे करतो, त्यातले थोडे हसताना न कळत होते.

आपल्या महाराष्ट्रात योगाची अशी तपासणी पूर्वीच सुरू झाली होती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था काढली. आसने करताना अंगात काय होते, हे त्यांनी क्ष-किरण आणि इतर यंत्रे लावून तपासले. ऐकीव गोष्टींवर ते थांबले नाहीत. आपणही थांबू नये. हसण्याने सगळे रोग पळतात असे कोणी सांगितले तर मान डोलवू नका. हसणे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या सोबतीला आहे.

आता एक अवघड प्रश्न. ज्याच्या घरी दुःख आहे, त्याला 'हस' म्हणावे काय?

या भायखळ्याच्या आसपास, लालबाग-परळपर्यंत, कापडाच्या गिरण्या होत्या. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी येथून आलेली माणसे त्यांत कामाला असत. तुमच्यापैकीही कित्येकांचे आजे-वडील असतील. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. पुढे बहुतेक गिरण्या बंदच पडल्या. कित्येक जण ट्रंक घेऊन गावी परतले. तेव्हा त्यांच्यापुढे उभे राहून कोणी 'हसा, आनंदी राहा' म्हटले असते, तर ती थट्टाच झाली असती.

योग अशी थट्टा करीत नाही. पतंजलींनी मन निर्मळ ठेवण्यासाठी चार भाव सांगितले आहेत. सुखी माणसाशी मैत्री. दुःखी माणसाविषयी करुणा. चांगले करणाऱ्याला पाहून आनंद. आणि वाईट करणाऱ्याकडे काणाडोळा, म्हणजे त्याच्या रागात आपण जळत बसू नये. दुःखी माणसाला हसवा असे त्यांनी म्हटले नाही. करुणा म्हटले. आधी त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका, त्याच्या घरी भाकरी पोचवा. हसू मागून आपल्या पायांनी येते.

आणखी एक सांगतो. योगात संतोष हा गुण सांगितला आहे. त्याचा अर्थ अन्याय मुकाट सोसणे असा नाही. मजुरी कमी दिली तर पुरी मागावी. सावकाराने आकडा वाढवला तर कागद वाचून दाखव म्हणावे. तुम्ही अक्षरे शिकलात ती त्यासाठीच. पण हक्क मागताना आपले रक्त आटवू नये, रात्रीची झोप घालवू नये, घरी येऊन राग पोरांवर काढू नये. डोके शांत असलेला माणूस हक्कही नीट मागतो.

त्या चार भावांपैकी सर्वांत अवघड कोणता, सांगा पाहू? आम्हाला वाटते, दुसऱ्याचे चांगले पाहून आनंद मानणे. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागले, आणि आपली कोरडी. त्याचा मुलगा पास झाला, आणि आपला नापास. तेव्हा मनापासून 'छान झालं' म्हणता आले, तर तो माणूस शीर्षासन करणाऱ्याहून मोठा योगी. हसण्यातही हीच कसोटी आहे. दुसऱ्याला हसणे वेगळे आणि दुसऱ्याबरोबर हसणे वेगळे. लंगड्याला, बोबड्याला, गरिबाला हसणे हे हसणे नव्हे, ते मारणे आहे.

या बाबतीत चांगदेवांची कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. चांगदेव मोठे योगी. योगबळाने चौदाशे वर्षे जगले म्हणतात. त्यांनी ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकली आणि पत्र लिहायला घेतले. पण मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? काही सुचेना. शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून लहानगी मुक्ताबाई म्हणाली की, चौदाशे वर्षे झाली तरी चांगदेव कोरेच राहिले! त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. तीच चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाले. ही चार भावंडे भिंतीवर बसली होती. ती भिंतच चालू लागली! चांगदेवांचा ताठा गळाला. पुढे त्यांनी त्याच मुक्ताबाईला गुरू केले.

या कथेत वाघ हरला आणि लहान मुलीचे हसणे जिंकले. चांगदेवांजवळ योगाचे बळ होते, पण 'मी मोठा' हे ओझेही होते. मुक्ताबाईच्या एका थट्टेने ते ओझे खाली आले. ती थट्टा टोचण्यासाठी नव्हती, जागे करण्यासाठी होती. योगाने अंग हलके व्हावे, हे तर खरेच. पण 'मी' हलका व्हावा, हे त्याहून खरे. ज्याला स्वतःला हसता येते, त्याचा 'मी' हलका झाला असे समजावे.

आता घरी गेल्यावर काय करावे, ते थोडक्यात ऐका.

सकाळी पोट रिकामे असताना पंधरा मिनिटे काढा. घोंगडी किंवा सतरंजी अंथरा. आधी हात, मान, खांदे सावकाश हलवा. मग झेपतील अशी दोन-तीन आसने करा. दुखू लागले की थांबा. शेजाऱ्याशी शर्यत लावू नका. श्वास कोंडू नका. मग सिंहासन करा आणि पोरांनाही बोलवा. मग भ्रामरी. शेवटी पाच मिनिटे मगरीसारखे पडून राहा. एखाद्या दिवशी चुकले तर स्वतःला शिव्या देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

ज्यांना हृदयाचा विकार आहे, रक्तदाब वाढतो, अंतर्गळ आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा ज्या बाया गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जोरजोराने हसण्याचा अभ्यासही त्यांनी विचारूनच करावा.

घरातल्या बायकांना मोठ्याने हसू नको म्हणणारे लोक आहेत. त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. बाई दिवसभर चुलीपाशी, शेतात, पाण्याच्या हंड्याखाली राबते. तिचा श्वास मोकळा झाला तर घराचे काय बिघडते? ती हसली तर घराचेच अंग हलके होईल.

मंडळी, योग म्हणजे जोडणे. अंगाला मनाशी जोडणे, आणि माणसाला माणसाशी जोडणे. कपाळावर आठी ठेवून कोणी कोणाशी जोडला गेला आहे काय? तेव्हा योग करा. निश्चयाने करा. पण तोंड पाडून करू नका. उद्या सकाळी अंथरुणातून उठाल, तेव्हा घरात जे पहिले माणूस दिसेल त्याच्याकडे पाहून हसा. तेवढ्याने आरंभ झाला असे समजा.